ब्रेकचा दिवा काय बघतो आणि काय बघत नाही

चावी ऑन केली की इंजिन सुरू होण्याआधी डॅशबोर्डवरचे जवळजवळ सगळे इशाऱ्याचे दिवे एकदम लागतात आणि काही सेकंदांत बरेचसे विझतात. तेलाच्या कॅनचा आणि बॅटरीचा दिवा इंजिन सुरू होईपर्यंत तसाच राहतो. गाडी इथे आपल्याच दिव्यांची हजेरी घेत असते. या हजेरीत जो दिवा लागतच नाही, तो गरजेच्या वेळीही लागणार नाही. वापरलेली गाडी घेताना तर हे काही सेकंद डोळे लावून बघावेत. एअरबॅगचा किंवा एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिवा विझत नाही म्हणून कुणी तो दिवाच काढून टाकलेला असू शकतो.

रंगांची भाषा सोपी आहे. लाल लागला तर सुरक्षित जागा बघून गाडी थांबवायची, पिवळा लागला तर लवकरात लवकर तपासून घ्यायची, हिरवा-निळा फक्त माहितीसाठी. आयएसओ 2575 या मानकामुळे चिन्हंही बहुतेक गाड्यांत सारखीच असतात. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं, गफलत होते ती पुढे. प्रत्येक दिव्यामागे एखादा स्विच किंवा सेन्सर असतो आणि तो ठरावीक गोष्टच बघतो. ती गोष्ट कोणती हे कळलं, की दिवा लागल्यावर काय करायचं आणि दिवा लागलेला नसतानाही कशाकडे लक्ष ठेवायचं, हे दोन्ही उमगतं.

तेलाच्या कॅनचा लाल दिवा घ्या. बहुतेक गाड्यांत तो ऑइलचा दाब बघतो, ऑइल किती आहे हे बघत नाही. म्हणजे तो लागतो तेव्हा फिरत्या भागांमधला ऑइलचा पातळ थर टिकायची खात्री उरलेली नसते. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ म्हणण्यात इंजिन जातं. बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावं, सपाट जागी दहा मिनिटं थांबावं आणि डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून, पुन्हा घालून पातळी बघावी. पातळी बरोबर असली तरी इंजिन सुरू करू नये, कारण ऑइल पंप बिघडलेला असू शकतो.

तापमानाच्या दिव्याचंही तसंच. त्याचा सेन्सर कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, बुडालेला असतो. कूलंट पूर्ण गळून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो, आणि इंजिन भाजत असताना काटा उलट खाली आलेला दिसू शकतो. काटा चढू लागला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, आणि गाडी बाजूला. रेडिएटरचं झाकण तेव्हा अजिबात उघडू नये. बंद झाकणाखाली दाब असल्यामुळे आतलं कूलंट शंभराच्या वर तापलं तरी उकळत नाही. झाकण सैल करताच दाब जातो, ते एका क्षणात उकळतं आणि थेट अंगावर उसळतं. इंजिन पूर्ण निवल्याशिवाय हात लावू नका, मग अर्धा-पाऊण तास गेला तरी चालेल.

बॅटरीचा दिवा चार्जिंग थांबल्याचं सांगतो. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) फिरवणारा बेल्टच पाण्याचा पंपही फिरवतो, म्हणून बॅटरीचा दिवा आणि चढता काटा एकत्र दिसले तर बेल्ट तुटला असं समजून इंजिन बंद करावं. इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा नुसता लागून राहिला तर जपून चालवत गॅरेजपर्यंत जाता येतं. तो लुकलुकत असेल तर एखादा सिलिंडर मिस होतोय, न जळलेलं इंधन एक्झॉस्टमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जाऊन जळतंय आणि तो महागडा भाग वितळू शकतो. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर सोडावा आणि थांबावं.

आता ब्रेकचा दिवा. लाल वर्तुळात उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंस. हँडब्रेक ओढलेला असला तरी हाच लागतो आणि ब्रेक ऑइल कमी झालं तरी हाच. म्हणून आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना ते बघायचं. असेल आणि तरी दिवा विझत नसेल, तर गाडी पुढे न्यायची नाही.

ब्रेक ऑइलच्या डबीत एक छोटा तरंगता फ्लोट असतो. पातळी खाली गेली की तो खाली येतो आणि स्विच लागतो. अशा वेळी दिवा एकदम ठाम लागत नाही. आधी तो वळणावर, उतारावर किंवा जोरात ब्रेक मारताना क्षणभर चमकतो, कारण डबीतलं ऑइल एका बाजूला कलंडतं. गाडी सरळ झाली की विझतो, आणि आपण तो विसरतो. ही चमकच खरी वेळेवरची सूचना असते.

पातळी कमी होण्याची कारणं दोन. पॅड, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला घासून गाडी थांबवणारे गुटके, झिजले की ते दाबणाऱ्या कॅलिपरमधला पिस्टन तितका पुढे सरकतो आणि त्याच्यामागची वाढलेली जागा डबीतल्या ऑइलने भरते. असं हळूहळू उतरणं स्वाभाविक आहे. दुसरं कारण म्हणजे गळती. ही चाकांच्या आतल्या बाजूला ओलसर डागांवरून किंवा पेडलच्या वर, पायाच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी दिसते. म्हणूनच दिवा लागला की डबी भरून मोकळं होणं चुकीचं. पॅड संपत आले असतील तर तीच खूण आपण पुसून टाकतो. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो, तो 3 मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे.

आणि नावात ऑइल असलं तरी हे तेल नव्हे. डॉट 3 आणि डॉट 4 हे ब्रेक ऑइलचे प्रकार म्हणजे ग्लायकॉलवर आधारित द्रव्यं आहेत. त्यांच्या जागी इंजिन ऑइलचा थोडासा भाग जरी गेला, तरी आतले रबरी सील फुगतात आणि सगळी ब्रेकयंत्रणा खोलावी लागते. डबीच्या झाकणावर जे छापलंय तेच वापरावं.

ग्लायकॉल हवेतला ओलावा शोषत राहतं. कोरड्या डॉट 3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो, 3.7 टक्के पाणी शोषल्यावर मानकाने मागितलेली मर्यादा 140 वर येते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. यातला धोका कळायला ब्रेक नेमकं काय करतात ते बघावं लागेल.

ब्रेक वेगाचं उष्णतेत रूपांतर करतात. 1200 किलोची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून थांबवताना जवळपास 4.6 लाख ज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात 20 अंशांचं सुमारे 1.4 लीटर पाणी उकळीला येईल. ही उष्णता काही सेकंदांत काही लोखंडी डिस्कमध्ये शिरते, त्यातही मोठा वाटा पुढच्या दोघींत. आता हीच गाडी 300 मीटर उंचीचा घाट उतरतेय असं धरा. नुसत्या उंचीची ऊर्जा 35 लाख ज्यूल, म्हणजे शंभराच्या वेगावरून सात-आठ वेळा थांबण्याइतकी. सगळी ब्रेकवर टाकली आणि पाय पेडलवर ठेवूनच उतरलो, तर डिस्कला निवायला उसंतच मिळत नाही.

यातून दोन वेगवेगळे बिघाड होतात आणि ते पायाला वेगळे कळतात. पॅड फार तापले की त्यांची पकड कमी होते: पेडल घट्ट लागतं, पण गाडी आवरत नाही आणि जळका वास येतो. दुसरा जास्त घातक. पाणी शोषलेलं ऑइल कॅलिपरमध्ये उकळतं आणि वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात जातो आणि पेडल मऊ पडत तळाशी जातं. डबीतली पातळी जागच्या जागी, म्हणून दिवाही विझलेलाच. थोड्या वेळाने ऑइल निवतं, वाफ जिरते आणि पेडल पूर्ववत होतं. गॅरेजमध्ये गाडी पोहोचते तोवर काहीच सापडत नाही. म्हणून किलोमीटर कितीही झालेले असोत, ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलावं.

उतरताना उष्णतेचा वाटा इंजिनाला द्यायचा. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावं आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकावा. ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’, ‘2’ किंवा मॅन्युअल मोड वापरावा. वेग वाढला की ब्रेक ठाम दाबून तो खाली आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा, सतत घासत ठेवायचा नाही. न्यूट्रलवर सोडून इंधन वाचवण्याचा हट्ट तर सोडूनच द्यावा. गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्शनची इंजिनं इंधन बंदच करतात, न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट. पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरला लागणारी निर्वात पोकळी इंजिन किंवा इंजिनावरचा पंप तयार करतो. ते थांबलं की दोन-तीन दाबांपुरती मदत उरते, मग पेडल दगडासारखं होतं.

दिव्याला न दिसणाऱ्या गोष्टी घरीच तपासता येतात. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. तसंच दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली सरकलं तर बूस्टर काम करतोय. आता इंजिन चालू असतानाच पेडल ठाम दाबून 30 सेकंद धरा. ते हळूहळू खाली जात राहिलं तर बाहेर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरमधलं सील आतल्या आत दाब सोडतंय. या दुसऱ्या प्रकारात एक थेंबही बाहेर येत नाही, त्यामुळे दिवा गप्प राहतो. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर आत हवा आहे.

पिवळा एबीएसचा दिवा एकटाच लागला असेल तर साधे ब्रेक शाबूत असतात, फक्त जोराने ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. लाल आणि पिवळा दोन्ही लागले तर पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी यंत्रणाही गेलेली असू शकते. मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते, म्हणून तेव्हा थांबावं. एबीएस ठीक असताना आणीबाणीत ते चालू झालं की पेडल पायाखाली थरथरतं आणि खडखड आवाज येतो. पहिल्यांदा अनुभवणारे घाबरून पाय उचलतात, तिथेच घात होतो. एबीएस चाकाचा दाब सेकंदाला कित्येकदा सोडत-धरत असतं, ती थरथर त्याचीच. पेडल शेवटपर्यंत दाबून ठेवावं, क्लचही दाबावा, आणि स्टिअरिंगने अडथळा चुकवावा. खडी-मातीवर मात्र एबीएसनेही थांबायला जास्त अंतर लागू शकतं.

अंतराचा हिशेब तर डोक्यात पक्का असावा. कोरड्या रस्त्यावर आणि भान यायला एक सेकंद धरून ताशी 60 ला सुमारे 37 मीटर लागतात, 120 ला सुमारे 113. वेग दुप्पट, पण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट.

ब्रेक गेलेच तर पेडल भराभर दाबत राहा, दाब थोडा परत येऊ शकतो. गिअर एकेक करून खाली आणा. हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा, एका झटक्यात ओढला तर मागची चाकं लॉक होतात. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत बटण ओढून धरून ठेवावं लागतं. हॅझर्ड आणि हॉर्न चालू ठेवा. चावी बंद करू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

लांब उतार संपल्यावर लगेच गाडी लावण्याऐवजी दोन-तीन किलोमीटर सपाटीवर चालवा, वाऱ्याने डिस्क निवतात. तापलेल्या डिस्कवर हँडब्रेक ओढून गाडी उतारावर लावली, तर निवताना भाग आकसतात, पकड सैल होते आणि अर्ध्या तासाने गाडी आपोआप सरकू शकते. तिथे हँडब्रेकसोबत गिअर टाका, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’, आणि पुढची चाकं कडेच्या कठड्याकडे वळवून ठेवा.