गाळ आंबवा, पण अर्धाच

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारं पाणी ग्लासात धरलं तर नितळ दिसतं. तरी त्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस विरघळलेले असू शकतात. पिकांना हवेहवेसे वाटणारे हेच घटक तळ्यात उतरले की शेवाळ माजतं, आणि ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो.

ते काढायचं काम जिवाणूंचं. हवेच्या टाकीत अमोनियाचं नायट्रेट होतं. मग ऑक्सिजन नसलेल्या टाकीतले जिवाणू नायट्रेटवर श्वास भागवतात आणि नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. पण नुसता श्वास घेऊन भागत नाही, खायलाही लागतं. नायट्रेटमधल्या १ ग्रॅम नायट्रोजनमागे, ते जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मापात मोजलं तर, २.८६ ग्रॅम सेंद्रिय खाद्य. हा कागदावरचा हिशेब. जिवाणू स्वतःही वाढतात, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. पातळ सांडपाण्यात तेवढं खाद्य नसतं, म्हणून कित्येक केंद्रं मिथेनॉल विकत घेतात. काखेत कळसा नि गावाला वळसा! पहिल्याच टाकीच्या तळाशी बसलेला गाळ हे खाद्यच तर आहे, फक्त मोठमोठ्या रेणूंत अडकलेलं.

ते सोडवायचं तर गाळ हवा न देता आंबवायचा. जिवाणू आधी मोठे रेणू फोडतात, मग त्यांची अ‍ॅसिटिक, प्रोपिओनिकसारखी आम्लं करतात. पुढे त्यांचा मिथेन होऊ द्यायचा नाही, खरी मेख इथेच आहे. मिथेन करणारे जीव सावकाश वाढतात. गाळ साधारण ३ ते ५ दिवसांत बाहेर काढला की त्यांना बस्तान बसवायला सवडच मिळत नाही. टाकीला आंबूस, नकोसा दर्प येतो. काम बरोबर चाललंय याची ती खूण, शेजारच्यांना पटो न पटो.

या आम्लांवर सगळ्यात जास्त तुटून पडतात ते फॉस्फरस साठवणारे जिवाणू. त्यांची तऱ्हा उलटीच. हवा नसलेल्या टाकीत ते आम्लं गिळून पेशीत चरबीसारखे कण साठवतात आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा आपलाच फॉस्फेटचा साठा मोडून मिळवतात. पाण्यातला फॉस्फरस तेव्हा चक्क वाढतो! हवा मिळाली की ते कण जाळून, सोडला होता त्याहून जास्त फॉस्फरस परत आत ओढतात. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्या वेळी पेशीत निळे-जांभळे दाणे दिसतात. असे भरलेले जिवाणू जादा गाळासोबत काढून टाकले की त्यांच्याबरोबर फॉस्फरसही जातो.

ही कल्पना नवी नाही. कॅनडातल्या केलोना शहराचं केंद्र १९८०च्या दशकापासून प्राथमिक, म्हणजे पहिल्या टाकीतला, गाळ आंबवून वापरत आलं आहे.

अडचणीही आहेतच. गाळ आंबताना त्यातला अमोनिया आणि फॉस्फेटही सुटतात, म्हणजे काढायचं तेच थोडं परत पदरात. हवेच्या टाकीतून निघणारा जादा गाळ आणखी चिवट, कारण तो बहुतांशी जिवंत पेशींचा. त्यांच्या भिंती फोडायला उष्णता किंवा अल्कली लागते. शिवाय आम्लांत गेलेला कार्बन बायोगॅससाठी उरत नाही. गॅसवर वीज करणाऱ्या केंद्रात त्यामुळे किती गाळ कुठल्या टाकीत पाठवायचा, यावर खल होतो.