क्लोन की इमेज? दुसऱ्या हार्ड डिस्कवर नक्की काय घ्यायचं

बॅकअपसाठी दुसरी हार्ड डिस्क आणली की सॉफ्टवेअर पहिल्यांदा हेच विचारतं: डिस्क क्लोन करायची की इमेज बनवायची? दोन्हींत विंडोज, प्रोग्रॅम, फोटो असं सगळंच उचललं जातं. त्यामुळे बरेच जण ‘एकच असेल’ म्हणून क्लोनवर क्लिक करतात. घरच्या कॉम्प्युटरला बहुतेक वेळा इमेजच हवी असते.

क्लोन म्हणजे दुसऱ्या डिस्कवर मूळ डिस्कची जशीच्या तशी प्रत, पार्टिशन आणि बूटच्या भागासकट. मूळ एसएसडी गेली तर ती काढायची, क्लोन लावायचा, पाच-दहा मिनिटांत काम चालू. पण त्यासाठी अख्खी डिस्क अडकते. 500 जीबीच्या एसएसडीचा क्लोन 1 टीबीच्या डिस्कवर घेतला, तर त्या डिस्कवर आधी असलेलं सगळं जातं. पुढच्या महिन्यात पुन्हा क्लोन केला की मागचा पुसला जातो. तीन आठवड्यांपूर्वी चुकून उडवलेली एक्सेल शीट तिथे सापडणार नाही. आणि क्लोन यूएसबीच्या डब्यात असेल तर नेहमीचं विंडोज त्यावरून सहसा सुरू होत नाही. डिस्क आत बसवावी लागते.

क्लोन झाल्यावर हमखास होणारा घोटाळा वेगळाच. दोन्ही डिस्कची ओळख एकच झालेली असते, त्यामुळे विंडोज त्यातली एक ‘ऑफलाइन’ ठेवतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती ‘ऑनलाइन’ केली, की विंडोज तिला नवी ओळख देतं आणि मग ती डिस्क बूट होईलच याची खात्री उरत नाही. म्हणून क्लोन संपताच कॉम्प्युटर बंद करा, मूळ डिस्क काढा आणि क्लोन एकदा एकटा सुरू करून बघा.

इमेजमध्ये हेच सगळं फाइलच्या रूपात जातं. फक्त वापरलेली जागा उचलली जाते, तीही आवळून (कॉम्प्रेस करून). फोटो आणि व्हिडिओ मात्र आधीच आवळलेले असल्याने फारसे लहान होत नाहीत. 1 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931 जीबी दिसते. एक इमेज 150 जीबीची झाली तर तारीखवार सहा मावतात. दर वेळी पूर्ण इमेज घ्यायची नसेल तर दोन वाटा आहेत. इन्क्रिमेंटलमध्ये मागच्या बॅकअपनंतरचा बदल तेवढा जातो. जागा कमी लागते, पण साखळीतली एक फाइल खराब झाली की तिच्यापुढच्या सगळ्या निकामी. डिफरन्शियल दर वेळी पूर्ण इमेजपासूनचा बदल घेतं, म्हणून परत आणताना पूर्ण इमेज आणि हवी ती एक फाइल एवढंच लागतं. महिन्याला एक पूर्ण आणि आठवड्याला एक डिफरन्शियल हे घरासाठी पुरेसं आहे.

इमेजवरून थेट बूट करता येत नाही. त्यासाठी रेस्क्यू पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून कॉम्प्युटर सुरू करून इमेज परत उतरवता येते असा पेनड्राइव्ह, आधीच बनवून ठेवावा लागतो. डिस्क मेल्यावर तो बनवायला दुसऱ्याचा कॉम्प्युटर शोधत फिरावं लागतं.

मॅक्रियम रिफ्लेक्ट या बॅकअप सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती 2024 पासून बंद आहे. क्लोनझिला हे सॉफ्टवेअर अजून मोफत आहे आणि दोन्ही कामं करतो: ‘डिव्हाइस-डिव्हाइस’ म्हणजे क्लोन, ‘डिव्हाइस-इमेज’ म्हणजे इमेज. मात्र तो दर वेळी पूर्ण इमेजच घेतो, आणि त्यातून एकच फाइल काढणं कटकटीचं असतं, म्हणून फोटो-कागदपत्रांचं फोल्डर वेगळं कॉपी केलेलं बरं. परत आणायची डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठीच लागते. 500 जीबीच्या डिस्कची इमेज 480 जीबीच्या एसएसडीवर सरळ उतरत नाही.

क्लोनझिलात डिस्क ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशा नावांनी दिसतात. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या असतील तर फक्त सीरियल नंबरच खरा. तो आधी कागदावर लिहून घ्या, कारण मूळ आणि लक्ष्य उलट निवडले तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर क्लोनझिलाला आतलं काही वाचता येत नाही. तो रिकामी जागासुद्धा सेक्टर-सेक्टर उचलतो आणि 180 जीबी डेटाची इमेज 500 जीबीच्या घरात जाते. बिटलॉकर ‘सस्पेंड’ करून हे टळत नाही, तो पूर्ण बंद करून डिस्क डिक्रिप्ट होऊ द्यावी लागते.

वेळेचं म्हणाल तर यूएसबी 3.0 वरच्या साध्या हार्ड डिस्कला सेकंदाला साधारण 100 एमबी वेग मिळतो, म्हणजे 200 जीबीला अर्धा-पाऊण तास धरा. तीच केबल यूएसबी 2.0 च्या पोर्टात गेली तर दोन तास. काम झालं की डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) तिलाही कुलूप घालतो.