ऊस कापणं सोपं, ट्रॅक्टर उभा करायचा कुठे?

ट्रॅक्टरची सगळी ताकद पाठीमागे असते. नांगर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, सगळं मागच्या तीन सांध्यांवर लटकतं. हॅरी फर्ग्युसन यांनी १९२६ मध्ये या जोडणीचं पेटंट घेतलं आणि पुढे जगभरच्या ट्रॅक्टरांची पाठ साधारण एकाच साच्याची झाली. इंजिनाची ताकद अवजाराला देऊन त्याला फिरवणारा दांडा, म्हणजे पीटीओ, तोही मागेच, मिनिटाला ५४० फेऱ्या या ठरलेल्या गतीचा. या रचनेत एक गोष्ट गृहीत आहे: ट्रॅक्टर पुढे जाईल, काम मागे होईल. उसाच्या फडात नेमकं हेच जमत नाही. उभा ऊस अडीच-तीन मीटर उंच आणि ट्रॅक्टरच्या पोटाखालची मोकळी जागा जेमतेम अर्धा मीटर. काम मागे व्हायचं असेल, तर त्याआधी ट्रॅक्टर उसावरून गेलेला असणार.

म्हणून ट्रॅक्टरला जोडायच्या तोडणी यंत्राची गोष्ट पात्यापासून सुरू करण्यात फारसा अर्थ नाही. पात्याचा प्रश्न तुलनेनं लवकर सुटतो. ट्रॅक्टरनं कुठून चालायचं, यावरच अशा यंत्रांचे प्रकार पडले आहेत.

सगळ्यात सरळ उत्तर म्हणजे यंत्र बाजूला बसवायचं. ट्रॅक्टर आधी तोडून झालेल्या मोकळ्या जागेतून चालतो आणि त्याच्या कुशीला लावलेलं यंत्र शेजारची ओळ कापत जातं. चालकाला काम डोळ्यांसमोर दिसतं, पीटीओपासून ताकद आणायलाही फार लांब जावं लागत नाही. पण तोल जातो. समजा, ट्रॅक्टर २५०० किलोचा आहे आणि ६०० किलोचं यंत्र त्याच्या मध्यरेषेपासून १.२ मीटर बाहेर लटकतंय. हिशेब केला तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य सुमारे २३ सेंटिमीटर त्या बाजूला सरकतो. चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं, तर मध्यापासून चाकापर्यंत ७५ सेंटिमीटर असतात. त्यातले २३ यंत्रानंच खाल्ले. सपाट जमिनीवर हे चालून जातं, आडव्या उतारावर नाही. शिवाय ऊस कापताना यंत्राला बसणारा मागच्या दिशेचा रेटा मध्यरेषेवर नसतो, त्यामुळे ट्रॅक्टरचं तोंड सतत यंत्राच्या बाजूला वळू पाहतं. चालक दिवसभर स्टिअरिंग उलट बाजूला धरून बसतो. दुसऱ्या बाजूला वजन टांगून तोल सावरता येतो. हा वळण्याचा ओढा मात्र वजनानं जात नाही.

दुसरं उत्तर म्हणजे ट्रॅक्टर उलटा चालवायचा. सीट आणि स्टिअरिंग फिरवून घेतलं की मागची बाजू पुढची होते. फर्ग्युसनची जोडणी आणि पीटीओ आता आयतेच पिकासमोर येतात, मोठी चाकं पुढे आणि वळणारी छोटी चाकं मागे. ऐकायला विचित्र वाटतं, पण धान्याचे कम्बाईन हार्वेस्टर असेच मागच्या चाकांनी वळतात. अडचण गिअरबॉक्सची आहे. साध्या ट्रॅक्टरला उलटे गिअर मोजकेच असतात, आणि तोडणीला तर सावकाश चालीचे, बारीक फरकाचे गिअर लागतात.

तिसरं उत्तर यंत्र पुढे बसवण्याचं. त्यासाठी एक तर पुढेही पीटीओ असलेला ट्रॅक्टर हवा, नाहीतर मागच्या पीटीओवर पंप बसवून तेलाच्या दाबानं ताकद पुढे न्यायची. पंप आणि मोटर मिळून वाटेत बरीच शक्ती उष्णतेत घालवतात, तरी हायड्रॉलिकचा मोठा गुण असा की पातं दगडावर आपटलं तर दाब वाढून झडप उघडते आणि तेल वळसा घालून निघून जातं. लोखंडी दांड्यानं फिरणाऱ्या यंत्रात तेच काम मुद्दाम कमकुवत ठेवलेला एखादा बोल्ट तुटून करतो. मग काम थांबवून नवा बोल्ट घालायचा.

आता पात्याकडे. कात्रीत दोन पाती एकमेकांवरून सरकतात. ऊसतोडणी यंत्रात तसं नसतं, मागून आधार द्यायला काहीच नाही. आडव्या फिरणाऱ्या चकतीच्या कडेला पाती बसवलेली असतात आणि ती उभ्या उसावर नुसती आपटतात. संथ पातं उसाला ढकलतं, वाकवतं आणि बुडात चिरतं. वेगवान पातं येतं तेव्हा उसाला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. त्याचं स्वतःचं जडत्व आणि मुळांची पकड हाच आधार होतो. टोकाशी ६० सेंटिमीटर व्यासाची चकती मिनिटाला ६०० फेऱ्या घेत असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला जवळजवळ १९ मीटर होतो, म्हणजे ताशी ६८ किलोमीटर.

पण या वेगाचं ट्रॅक्टरच्या चालीशी गणित जुळावं लागतं. चकतीवर चार पाती असतील तर सेकंदाला ४० वार होतात. ट्रॅक्टर ताशी ५ किलोमीटरनं चालला, तर दोन वारांमध्ये तो साडेतीन सेंटिमीटर पुढे सरकतो, साधारण एका उसाच्या जाडीएवढा. घाईत तीच चाल ताशी १० केली की हे अंतर सात सेंटिमीटर होतं. पाती झिजून आखूड झाली असतील, तर पुढचं पातं पोचण्याआधी चकतीची कड उसाला धडकते. पीटीओचा वेग इंजिनला बांधलेला, चाकांचा वेग गिअरवर अवलंबून. त्यामुळे वरचा गिअर टाकला की चाल वाढते आणि चकती मात्र पूर्वीइतकीच फिरत राहते. स्वयंचलित, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर आणि चाकांवर चालणाऱ्या, मोठ्या यंत्रांनाही हा रोग आहे, पण ट्रॅक्टरवर तो गिअरच्या एका खटक्याइतका जवळ असतो.

यंत्र पुढे गेल्यावर खाली वाकून बुडखे पाहिले की चालकानं काय केलं ते कळतं. चांगला काप गुळगुळीत असतो, कडेची साल अखंड, मधला भाग ओला आणि पांढुरका. वाईट काप उभा फाटलेला, तंतूंचे झुपके बाहेर आलेले, कधी अख्खं बेटच मुळासकट हललेलं. खोडवा, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटून येणारं पीक, याच बुडख्यांतून येणार असतो. जमिनीखालच्या डोळ्यांतून, म्हणजे पेरांवरच्या कोंबांतून, निघणाऱ्या फुटव्यांना स्वतःची मुळं धरता येतात. बुडखा उंच राहिला की वरचे डोळे फुटतात आणि ते फुटवे नीट तग धरत नाहीत. फाटलेल्या बुडख्यात कूज शिरते ती वेगळीच.

उंच कापण्यात साखरही जाते. पक्व उसात खालच्या पेरांत साखर सर्वाधिक असते, शेंड्याकडे कमी. हेक्टरी १०० टन पीक आणि अडीच मीटर ऊस धरला, तर सरासरीनं प्रत्येक सेंटिमीटरमागे हेक्टरी ४०० किलो ऊस येतो. पाच सेंटिमीटरचे बुडखे शेतात सोडले की दोन टन गेले, तेही सगळ्यात गोड भागातले. मग अगदी जमिनीलगत का कापू नये? कारण माती पात्यांना वाळूच्या कागदासारखी घासते आणि उसाबरोबर गिरणीत जाऊन तिथले रोलरही झिजवते. जमीन कधीच पूर्ण सपाट नसते, म्हणून उंची सतत बदलत राहावी लागते. हायड्रॉलिक यंत्रात यासाठी एक सोय आपोआप मिळते: चकती मातीला टेकली की तिच्या मोटरमधला तेलाचा दाब चढतो, आणि तो वाचून उंची आपसूक सावरणारी नियंत्रणं बनवता येतात.

कापल्यावर उसाचं काय करायचं, इथे दोन पंथ आहेत. एक अख्खा ऊस आडवा पाडून ओळीत ठेवतो. दुसरा त्याचे वीतभर तुकडे करतो, पंख्यानं पाचट उडवतो आणि तुकडे शेजारच्या गाडीत टाकतो. दुसऱ्या पंथाच्या स्वयंचलित यंत्रांना ३०० अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन लागतं, वजन १५ टनांच्या पुढे. ५०-६० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरनं त्याची नक्कल करायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुकड्यांची स्वतःची अडचणही आहे. २.४ मीटरच्या अख्ख्या उसाला कापलेली टोकं दोन. त्याचेच २० सेंटिमीटरचे तुकडे केले की टोकं २४. प्रत्येक टोकातून रस झिरपतो आणि ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू आत शिरतात. ते साखर खाऊन डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ बनवतात, त्यानं रस गाळणं आणि साखरेचे दाणे पाडणं दोन्ही अवघड होतं. म्हणून तुकडे त्याच दिवशी गाळपाला गेलेले बरे.

तरीही जगात तुकड्यांचा पंथ जिंकला. कारण वादळवाऱ्यात लोळलेला ऊस. अख्खा ऊस कापणारं यंत्र सरळ उभ्या पिकासाठी असतं. एकमेकांत गुंतलेले, आडवे पडलेले ऊस त्याला उचलता येत नाहीत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये मॅसी फर्ग्युसनची तुकडे करणारी यंत्रं १९६० च्या दशकात ट्रॅक्टरवरच बसवलेली असत; पुढे त्यांची जागा स्वतःच्या चाकांवरच्या मोठ्या यंत्रांनी घेतली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथला जवळजवळ सगळा ऊस यंत्रानं निघू लागला. अमेरिकेतल्या लुइझियानात मात्र ‘सोल्जर हार्वेस्टर’ अनेक दशकं अख्खा ऊस कापत होता. १९९३ मध्ये तिथे एलसीपी ८५-३८४ ही वाण आली. उत्पन्न भरघोस, पण ऊस लोळणारा. शेतकऱ्यांनी वाण सोडली नाही, यंत्र बदललं.

हे उलट्या दिशेनंही वाचता येतं. जिथे ऊस सरळ उभा राहतो, ओळींमधलं अंतर ट्रॅक्टरच्या चाकांशी जुळतं आणि शेतं लहान आहेत, तिथे कापून ओळीत पाडणं एवढंच काम करणारं जोडयंत्र पुरेसं आहे. ट्रॅक्टरच्या चाकांमधलं अंतर बदलता येतं, हा त्याचा कमी बोलला जाणारा फायदा. मोठ्या यंत्रांची चाकं दीड मीटरच्या ओळीत बसत नाहीत आणि बेटांची कड दाबत जातात. ट्रॅक्टर सरीतून जाऊ शकतो.

अशा यंत्राच्या बाजूनं नेहमी सांगितलं जातं, की तोडणी संपली की ते उतरवून ट्रॅक्टर इतर कामांना मोकळा होतो. हे खरं ठरायचं तर जोडणी तशी हवी. यंत्र चढवायला-उतरवायला क्रेन आणि अख्खा दिवस लागत असेल, सीट फिरवून पाइप नव्यानं टाकावे लागत असतील, तर हंगामाच्या मध्ये ते कुणी उतरवत नाही. ट्रॅक्टर मग चार-पाच महिने तोडणी यंत्रच होऊन बसतो आणि नांगरटीला दुसरा शोधावा लागतो. यंत्र पाहायला गेलात तर अश्वशक्ती विचारण्याआधी ते आपल्यासमोर एकदा उतरवून दाखवायला सांगा.