कंत्राटी रोजगार आणि मनुष्यबळ व्यवस्थापन (भारत)

भारतातील कारखान्यांत कायम, कंत्राटी, निश्चित मुदतीचे आणि शिकाऊ असे निरनिराळ्या हक्कांचे कामगार एकाच छपराखाली काम करतात आणि त्यांची भरती, वेतन व शिस्त सांभाळताना मनुष्यबळ विभागाला प्रत्येक गटासाठी वेगळे नियम पाळावे लागतात.

मुंबईच्या कापडगिरण्यांत भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती असे. तो दस्तुरी (लाच) घेऊन काम देई आणि गैरहजर कामगारांच्या जागी काम मिळण्याची वाट पाहणारे बदली कामगार रोज गिरणीच्या दारात ताटकळत राहत. भारतातील कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात भरतीचा हा अधिकार जॉबरकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे देण्याची शिफारस केली. पुढे कारखाने अधिनियम, १९४८ ने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले.

कायम नोकरीचे कायदेशीर संरक्षण १९७६ मध्ये वाढले. औद्योगिक विवाद अधिनियमातील नव्या प्रकरणानुसार ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना नोकरकपातीपूर्वी शासनाची परवानगी आवश्यक ठरली आणि १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० वर आणली. मागणी घटल्यास मनुष्यबळ कमी करता यावे म्हणून अनेक उद्योगांनी कायम भरती आखडती घेऊन ठेकेदारामार्फत माणसे घेतली. कंत्राटी कामगार अधिनियम, १९७० च्या नियमांत समान कामाला समान वेतनाची तरतूद होती. तरीही शेजारी उभे राहून तेच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला प्रत्यक्षात बरेचदा कमी वेतन मिळते, आणि हाच या पद्धतीचा सर्वांत मोठा अन्याय आहे. ठेकेदाराने वेतन थकवल्यास ते देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे ठेकेदारामार्फत काम करून घेणाऱ्या कारखान्यावर, येते, त्यामुळे ठेकेदाराचे हजेरीपट व भविष्यनिर्वाह निधीचे भरणे तपासणे हे मनुष्यबळ विभागाचे नित्याचे काम बनले आहे. कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप मुख्य नियोक्त्याचे ठरत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्टील अथॉरिटी या सरकारी पोलाद कंपनीच्या प्रकरणात दिला. कंत्राट निव्वळ देखावा असल्यास मात्र ते मुख्य नियोक्त्याचेच कामगार मानले जातात.

२९ केंद्रीय कायदे एकत्र करणाऱ्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आल्या. कपातीच्या परवानगीची मर्यादा पुन्हा ३०० झाली, तर कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी २० ऐवजी ५० कामगारांपासून लागू झाल्या. निश्चित मुदतीच्या कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन व एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळते, मात्र मुदत संपल्यावर नोकरी संपणे ही कपात मानली जात नाही.