गांदो प्राथमिक शाळा

पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो देशाच्या गांदो या खेड्यातील शाळा. २००१ साली पूर्ण झालेली ही तीन वर्गखोल्यांची इमारत पर्यावरणाला धरून बांधलेल्या सार्वजनिक वास्तूचे उदाहरण म्हणून जगभर अभ्यासली जाते. तिचे वास्तुकार दिएबेदो फ्रान्सिस केरे (जन्म १९६५) याच गावचे. गावात शाळा नव्हती, म्हणून वयाच्या सातव्या वर्षी त्यांना शिकायला घर सोडावे लागले. पुढे बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात वास्तुकला शिकत असतानाच त्यांनी गावच्या शाळेसाठी पैसे जमवले आणि आराखडाही केला.

केरे यांनी भिंतींसाठी माती निवडली, तेव्हा गावकऱ्यांना ते पटेना. मातीचे घर पावसात धुपते, त्याला पुन्हा पुन्हा लिंपावे लागते, हे ते जन्मभर पाहत आले होते. ती शंका रास्तच होती. म्हणून मातीत थोडे सिमेंट कालवून हाताच्या यंत्रात दाबून विटा पाडल्या. अशी वीट भट्टीत भाजावी लागत नाही, म्हणजे जळणही लागत नाही. जाड भिंती दुपारच्या उन्हाची धग उशिरा आत येऊ देतात.

शाळेचे खरे मर्म मात्र छपरात आहे. पत्र्याच्या वर्गात एप्रिलच्या दुपारी बसलेल्या कुणालाही माहीत असते, की ऊन थेट डोक्यावर उतरते आणि पाऊस आला की शिकवलेले ऐकू येत नाही. गांदोत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. केरे यांनी वर्गावर सळयांच्या आधाराने फटी ठेवून विटांचे छत घातले आणि पन्हळी पत्रा त्याच्या बराच वर, कैच्यांवर (छप्पर पेलणाऱ्या सांगाड्यांवर) उचलून धरला. वर्गातली गरम हवा छताच्या फटींतून वर निघून जाते, खिडक्यांच्या झडपांतून ताजी हवा आत येते आणि पत्र्याची धग मधल्या मोकळ्या जागेतच वाऱ्याबरोबर जाते. पंखा लागत नाही. हाच पत्रा भिंतींच्या पुष्कळ पुढे आल्यामुळे मातीच्या विटांवर पावसाची झड येत नाही.

तिथे क्रेन नव्हती, मोठे सुटे भाग आणणेही शक्य नव्हते. त्यामुळे कैच्या साध्या लोखंडी सळया कापून, जागेवरच जोडून केल्या. बायकांनी पाणी वाहिले, मुलांनी पायासाठी दगड आणले, पुरुष विटा पाडायला शिकले. मला या इमारतीचे सर्वांत मोठे यश इथेच दिसते: बिघडले तर दुरुस्त करणारे हात गावातच आहेत, आणि हेच कसब पुढे अनेकांना बाहेर रोजगार देऊन गेले.

या शाळेला २००४ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये केरे वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, प्रित्झकर पारितोषिक, मिळवणारे पहिले आफ्रिकी वास्तुकार ठरले. पटसंख्या वाढल्यावर गावात शिक्षकांची घरे आणि वाढीव वर्ग झाले. ग्रंथालयाच्या छतासाठी घराघरांतली मातीची मडकी वर-खाली कापून काँक्रीटमध्ये बसवली, म्हणजे त्यांच्या तोंडांतून उजेडही येईल आणि गरम हवाही बाहेर पडेल.