टायमरची मांडणी जपणे आणि टायमरचा आकडा जपणे: सस्पेंडमधून परतताना होणारी गल्लत

हिंजवडी-खराडी पट्ट्यात वाहनांच्या आणि औद्योगिक उपकरणांच्या बोर्डांवर लिनक्स बसवणाऱ्यांची कमतरता नाही, आणि त्यांच्यापैकी अनेकांना कधी ना कधी टायमर ड्रायव्हरचे सस्पेंड-रिझ्यूम (यंत्र झोपताना आणि जागे होताना चालणारा कोड) लिहावे लागते. रिव्ह्यूला येणाऱ्या अशा कोडचा साचा ठरलेला असतो: सस्पेंड होताना टायमरचे सगळे रजिस्टर (हार्डवेअरमधले मूल्यांचे कप्पे) वाचून एका स्ट्रक्चरमध्ये ठेवायचे, रिझ्यूम होताना ते त्याच क्रमाने परत लिहायचे आणि कमिट मेसेजमध्ये ‘टायमरची स्थिती जपली’ अशी नोंद करायची. या साच्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात. टायमरची मांडणी, म्हणजे तो कसा चालावा हे ठरवणारी मूल्ये, जपावीच लागते. टायमरचा त्या क्षणीचा आकडा मात्र बहुतेक वेळा जपायचा नसतो, आणि हट्टाने जपला तर वेळ बिघडते.

मांडणीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण ती सगळ्यांना ठाऊक असते. पॉवर डोमेन (चिपचा वीज तोडता येणारा भाग) बंद झाले की प्रीस्केलर (गती भागणारे मूल्य), ऑटो-रीलोड (फेरी संपल्यावर पुन्हा भरायचा आकडा), इंटरप्ट एनेबल (प्रोसेसरला इशारा देण्याची परवानगी) हे सारे रीसेटच्या मूल्यांवर जाते आणि ते परत लिहावे लागते. फक्त ते फॉर-लूपने, म्हणजे ऑफसेटच्या क्रमाने एकामागोमाग, लिहू नये. कंट्रोल रजिस्टर पहिल्याच ऑफसेटवर असेल, तर लूपच्या पहिल्या फेरीतच टायमर चालू होतो आणि त्याचा लोड मागाहून बदलतो. म्हणून चालू करण्याचे बिट शेवटीच लिहावे. ज्या स्टेटस रजिस्टरमध्ये १ लिहिल्याने बिट साफ होते, ते वाचून ठेवून परत लिहिणे म्हणजे खोळंबलेला इंटरप्ट आपल्याच हाताने पुसणे होय. हा लूप दिसला की मी पुढचा पॅच वाचतच नाही.

खरी गल्लत आकड्याची आहे, आणि ती समजण्यासाठी क्लॉकसोर्स (वेळ मोजणारा) व क्लॉकइव्हेंट (ठरल्या वेळी इंटरप्ट देणारा) वेगळे पाहावे लागतात, मग दोघे एकाच हार्डवेअर ब्लॉकमधून का निघेनात.

क्लॉकसोर्स म्हणजे अखंड धावणारा काउंटर. लिनक्सचा कर्नेल त्याचा आकडा वेळ म्हणून वापरत नाही. मागच्या वाचनापासून तो किती पुढे गेला एवढाच फरक वापरतो. सस्पेंडच्या वेळी टाइमकीपिंगचा गाभा तोवरचा फरक हिशेबात जमा करून घेतो. रिझ्यूमच्या वेळी तो आधी क्लॉकसोर्सचा स्वतःचा रिझ्यूम कॉलबॅक (ड्रायव्हरने दिलेले, कर्नेलने बोलवायचे फंक्शन) चालवतो, मग काउंटर नव्याने वाचतो आणि ‘मागचे वाचन’ म्हणून हाच नवा आकडा नोंदवून पुढचा हिशेब तिथून सुरू करतो. त्यामुळे काउंटर शून्यावर आला असो वा भलत्याच ठिकाणी उभा असो, त्या कॉलबॅकनंतर तो योग्य गतीने धावत असला की काम भागते. जुना आकडा परत लिहून या हिशेबात काहीही भर पडत नाही.

मग झोपेत गेलेला काळ कोण सांगतो? त्यासाठी कर्नेलकडे तीन वाटा आहेत: सस्पेंडमध्येही न थांबणारा काउंटर, प्लॅटफॉर्मचे पर्सिस्टंट क्लॉक (झोपेतही चालणारे घड्याळ) आणि अखेरीस आरटीसी (रिअल-टाइम क्लॉक), जिची बारकाई एका सेकंदाची असते. पहिल्या वाटेसाठी क्लॉकसोर्सवर ‘सस्पेंड-नॉनस्टॉप’ हा फ्लॅग लावतात. मी पाहिलेली सर्वांत महागडी चूक इथेच होते. ड्रायव्हर काउंटरचा आकडा जपून परत लिहितो, म्हणून लिहिणाऱ्याला वाटते की आपला काउंटर जणू थांबलाच नाही, आणि तो हा फ्लॅगही लावून मोकळा होतो. आता कर्नेल झोपेआधीचा आणि झोपेनंतरचा आकडा वजा करतो. परत लिहिलेला आकडा काही मायक्रोसेकंदच पुढे सरकलेला असतो, म्हणून आपण तेवढेच झोपलो होतो असे कर्नेल मानतो. आणि फरक शून्याहून मोठा निघाल्यामुळे पर्सिस्टंट क्लॉककडे किंवा आरटीसीकडे वळतही नाही. यंत्र आठ तास झोपले असेल, तर घड्याळ आठ तास मागे पडते, आणि झोपेचा काळ मोजण्यासाठीच असलेले बूटटाइम घड्याळही त्याच्याबरोबर चुकते. नॉनस्टॉप क्लॉकसोर्सने सस्पेंड-रिझ्यूम कॉलबॅक देऊ नयेत असा इशारा कर्नेल स्वतः लॉगमध्ये छापतो. तो वाचण्याचे कष्ट मात्र कोणी घेत नाही. ऑफिसच्या नेटवर्कवर एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची सोय) ही चूक गुपचूप दुरुस्त करून टाकते, म्हणून ती टेस्टिंगमध्ये सापडत नाही आणि नेटवर्क न पोहोचणाऱ्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीत सापडते.

क्लॉकइव्हेंटचा आकडा तर याहूनही कमी जपण्याजोगा आहे. कम्पेअर रजिस्टरमध्ये असते ती पुढच्या इंटरप्टची वेळ, आणि रिझ्यूमनंतर ती वेळ कर्नेल नव्याने ठरवून स्वतः लिहितो. हे काम सिस्कोर टप्प्यात होते, जेव्हा एकच सीपीयू जागा असतो आणि इंटरप्ट बंद असतात. प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचे नेहमीचे पीएम (पॉवर मॅनेजमेंट) कॉलबॅक त्यानंतर येतात. ज्याने जुने कम्पेअर मूल्य त्या कॉलबॅकमध्ये परत लिहिले, त्याने कर्नेलने नुकतीच लिहिलेली वेळ पुसून झोपेआधीची वेळ लिहिली. काउंटर ती वेळ ओलांडून गेलेला असेल आणि हार्डवेअर फक्त बरोबरी झाली तरच इंटरप्ट देत असेल, तर काउंटर पूर्ण फेरी मारून येईपर्यंत काहीच होत नाही. २४ मेगाहर्ट्झवर ३२ बिटांची फेरी सुमारे १७९ सेकंदांची, म्हणजे जेमतेम तीन मिनिटांची असते. ‘बोर्ड कधीकधी गोठतो, पण दोन-तीन मिनिटांनी आपोआप चालू होतो, कधी कळ दाबताच चालू होतो’ अशी तक्रार आली की आधी इथे पाहावे. ३२,७६८ हर्ट्झच्या टायमरवर हीच फेरी १,३१,०७२ सेकंदांची, म्हणजे ३६ तासांहून अधिक असते, आणि तेव्हा तक्रारीत ‘आपोआप चालू होतो’ हे शब्द नसतात. याच उशिराच्या टप्प्यात क्लॉकसोर्सचा आकडा मागे लिहिला, तर नुकताच बांधलेला हिशेब उलटा पडतो, आणि कर्नेलच्या आवृत्तीनुसार वेळ पुढे उडी मारते किंवा काही काळ जागीच अडते.

म्हणून या दोन्हींची मांडणी त्यांच्याच स्ट्रक्चरमधल्या सस्पेंड-रिझ्यूम कॉलबॅकमध्ये लिहावी. त्या टप्प्यात कोडला थांबून वाट पाहता येत नाही, तेव्हा क्लॉकचे प्रिपेअर (वाट पाहायला लावू शकणारी तयारी) प्रोबमध्येच, म्हणजे ड्रायव्हर जोडला जातानाच, उरकून इथे फक्त एनेबल करावे. सीपीयूच्या आयडल अवस्थेत थांबणारा लोकल टायमर हे वेगळे प्रकरण आहे. त्यासाठी ब्रॉडकास्टची (दुसऱ्या टायमरने त्याच्या वतीने सीपीयूला जागे करण्याची) सोय आहे आणि त्याचा सिस्टिम सस्पेंडशी संबंध जोडू नये. पाच सेकंदांचा सस्पेंड करून ‘चालते’ असे लिहिणाऱ्यांना मी नेहमी परत पाठवतो: पाच सेकंदांची तूट आरटीसीच्या बारकाईवर ढकलली जाते. किमान दहा मिनिटे झोपवावे, एनटीपी बंद ठेवावे आणि जागे झाल्यावर बाहेरच्या घड्याळाशी ताडून पाहावे.

आकडा खरोखरच जपावा लागतो तो टायमरचा ब्लॉक वेळ सोडून दुसरे काही मोजत असेल तेव्हा. एन्कोडरचे (हालचाल टिपणाऱ्या सेन्सरचे) टप्पे मोजणाऱ्या काउंटरचा आकडा हरवला, तर यंत्राच्या हाताची जागाच हरवते. तिथे तो वाचून ठेवून परत लिहिणे बरोबर आहे. पीडब्ल्यूएममध्ये (ठरल्या लयीत सिग्नल चालू-बंद करणाऱ्या टायमरमध्ये) पीरियड आणि ड्यूटी, म्हणजे लयीची लांबी आणि त्यातला चालू भाग, परत लिहाव्यात, चालू काउंट सोडून द्यावा. वॉचडॉगमध्ये (वेळेत पिंग न आल्यास यंत्र रीसेट करणाऱ्या टायमरमध्ये) उरलेला अवधी परत लिहिणारा ड्रायव्हर मात्र मी मंजूर करत नाही. तिथे रिझ्यूमनंतर पूर्ण अवधीच भरावा, कारण त्याला पिंग करणारा प्रोग्राम सगळी डिव्हाइस परतल्यानंतरच गोठलेल्या अवस्थेतून सुटतो.