शँटी की फोरबिटर? खलाशांच्या गाण्यांतला फरक

स्कॉटलंडचा पोस्टमन नेथन इव्हान्स याने २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर 'वेलरमन' गायलं आणि मार्च २०२१ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. तेव्हापासून समुद्रावरच्या कुठल्याही गाण्याला सरसकट 'शँटी' म्हटलं जातं. खुद्द 'वेलरमन' मात्र न्यूझीलंडच्या देवमासे पकडणाऱ्यांचं कथागीत आहे. जातीने ते फोरबिटरच्या जवळचं.

शँटी कामाची, फोरबिटर विसाव्याचं. शिडाच्या व्यापारी जहाजावर जड शीड वर चढवायचं तर सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागायला हवा. शँटीमन एक ओळ एकट्याने म्हणतो, बाकीचे पालुपद म्हणतात आणि पालुपदातल्या ठरलेल्या अक्षरांवर दोर ओढतात. 'हॉल अवे जो' मध्ये तर अख्ख्या कडव्याचा जोर शेवटच्या 'जो' वर एकवटतो. नांगर उचलताना कॅप्स्टनचे, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या उभ्या रहाटाचे, दांडे ढकलत गोल फिरायचं असतं, तिथे हिसका नसतो. म्हणून त्या शँट्यांची पालुपदं लांब आणि ऐसपैस. ब्रिटिश आरमारात मात्र कामावर गाण्याची परवानगी नसे.

चालीतला फरक मला सगळ्यांत रंजक वाटतो. शँटीत पालुपद जवळजवळ अढळ, कारण ते हललं तर हात चुकतील. शँटीमनची ओळ मात्र मोकळी. तो सूर लांबवतो, मध्येच गळ्याला झटका देतो, शब्द जागच्या जागी जुळवतो आणि काम संपेपर्यंत गाणं ताणतो. दोर बांधायचा हुकूम आला की कडवं अर्ध्यावर सोडलं तरी चालतं. एकाच शँटीच्या इतक्या चाली सापडतात त्या यामुळे. 'हॉल अवे जो' मेजरमध्येही (शुद्ध गंधाराच्या चालीत) मिळतं आणि मायनर वळणाच्या (कोमल गंधाराच्या) चालीतही.

'ड्रंकन सेलर' पेटीवर वाजवून बघा. पंचमावर ठाण मांडून सुरुवात, मग प-सा-ग-प. दुसऱ्या ओळीत तोच आकार एक सूर खाली, मध्यमावर. ग आणि नी कोमल, ध शुद्ध, म्हणजे स्वर आपल्या काफी थाटाचे. पाश्चात्त्य संगीतात याला डोरियन म्हणतात. कडवं आणि पालुपद एकाच चालीत आहेत, कारण दोर धरून डेकवरून पाय आपटत चालत जायचं आहे. मध्ये चाल बदलून भागणार नाही.

फोरबिटर याउलट कामावरून सुटलेल्या खलाशांचं. जहाजाच्या पुढच्या टोकाकडच्या, दोर बांधायच्या खुंटांपाशी बसून लढाई, बुडालेलं जहाज, बंदरातली प्रेयसी यांच्या कथा गायच्या. गोष्ट पुढे न्यायची म्हणून कडवी क्रमाने येतात, मनाला येईल तशी गाळता येत नाहीत. चाल इथेही बदलते, पण ती जहाजागणिक, पिढीगणिक. आरमारी खलाशांचं 'स्पॅनिश लेडीज' मायनर आणि मेजर अशा दोन्ही वळणांनी गायलं जातं, आणि मायनरमध्ये त्याच शब्दांतला निरोप अधिक जड वाटतो.

१९१४ मध्ये लोकगीतं गोळा करणारे सेसिल शार्प यांनी सॉमरसेटमधल्या वॉचेट गावी जॉन शॉर्ट या वृद्ध खलाशाकडून कितीतरी शँट्या उतरवून घेतल्या. तोवर वाफेच्या जहाजांनी त्या गाण्यांचं कामच काढून घेतलं होतं. आज त्याच शँट्या मंचावर इतक्या वेगाने गातात, की त्या लयीवर दोर ओढायला कुणाचेही हात पुरणार नाहीत.